शितोळे काकांची बिनसंवादाची भूमिका

शितोळे काकांना आयुष्यात एकदाही चांगल्या माणसाचं काम मिळालं नाही. बडोद्यातल्या मराठी मंडळींची गणेशोत्सवाची नाटकं बसायला लागली, की त्यात सावकार, दुष्ट मामा, खोटा साक्षीदार, औषधात विष कालवणारा वैद्य असं कोणी ना कोणी निघायचंच, आणि मग तालमीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या माना शितोळे काकांकडे वळायच्या. देवानं भुवयाच तशा दिल्या होत्या. आवाज असा, की ते नुसतं ‘साखर संपली’ म्हणाले तरी समोरच्याला वाटावं, आता आपलं काही खरं नाही.

आणि माणूस कसा, तर लिफ्टचं दार कुणाच्या अंगावर आलं तर लिफ्टच्या वतीनं ‘सॉरी’ म्हणणारा. एकदा त्यांनी सुनेचा छळ करणारा सासरा केला होता. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात एका बाईंनी त्यांना ओळखलं आणि भर गर्दीत फैलावर घेतलं. “शोभतं का तुम्हाला हे, घरात लेकीबाळी असताना?” काकांनी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि त्या सासऱ्याच्या वतीनं माफी मागितली. घरी येऊन ही गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता. “वाईट माणूस करायला मन साफ लागतं, सूनबाई,” ते म्हणायचे. “आणि खलनायकानं वेळेवर मरायचं असतं. लोकांना जेवायला घरी जायचं असतं ने.” (बडोद्यात ‘ना’चं ‘ने’ होतं.) हे सांगणारे काका स्वतः मात्र रंगमंचावर इतके सावकाश मरायचे, की नायक कंटाळून तलवार म्यान करायचा.

मी त्यांची सून वगैरे कोणी नव्हे. लग्न होऊन नाशिकहून बडोद्याला, गोत्रीच्या आमच्या सोसायटीत आले, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधून हे गृहस्थ बाहेर आले आणि भुवया उंचावून म्हणाले, “काय सूनबाई, गमतंय का इथं?” मी नवी, दमलेली. मला ऐकू आलं ‘गंमत’. मी म्हटलं, “गंमत कसली काका, अजून भांड्यांची खोकी फोडायची आहेत.” ते हसता हसता भिंतीला टेकले. मग त्यांनी समजावलं, की गमणं म्हणजे करमणं. गुजरातीत या एका शब्दात आवडणंही बसतं आणि करमणंही बसतं, कोणतं ते समोरच्यानं समजून घ्यायचं. “आम्ही चार पिढ्यांचे बडोदेकर. आमची मराठी कुठं थांबते आणि गुजराती कुठं सुरू होते ते आम्हालाच कळत नाही. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आजोबा कचेरीत पट्टेवाले, वडील कारकून, मी हेडक्लार्क. बघ, किती हळू चढलो आम्ही!”

काकू गेल्या त्यानंतर काकांनी एक सवय लावून घेतली. सकाळपासून आतलं लाकडी दार सताड उघडं, नुसतं जाळीचं दार लावलेलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, वारा येतो. आमच्या जिन्यात वारा कधीच येत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की जाळीमागून आवाज यायचा, “कोण?” आणि कुरिअरवाला का असेना, त्याला पाणी प्यायल्याशिवाय सुटका नसायची. मुलगी मृणाल पुण्याला. तिचा रोज फोन यायचा, की बाबा, इकडे या. काकांचं उत्तर ठरलेलं, “पुण्यात मला फावणार नाही, मानवणार नाही. तिथं सगळे शुद्ध बोलतात.”

खरं कारण संध्याकाळी यायचं. खाली स्कूटरचा हॉर्न वाजायचा, एक लांब आणि एक आखूड, आणि पांढरा शर्ट घातलेला, खिशाला पेन लावलेला एक काटकुळा माणूस जिना चढून यायचा. सोलंकीभाई. काकांबरोबर एकाच कचेरीत, एकाच खोलीत नोकरी केलेले. हे गुजराती, दलित समाजातले, पण मराठी बोलायचे काकांच्याच वळणाची. त्याचं कारणही नाटक. एका वर्षी प्रॉम्प्टर आजारी पडला, आणि काकांबरोबर तालमीला येऊन बसणाऱ्या सोलंकीभाईंच्या हातात कुणीतरी संहिता दिली. मराठी प्रॉम्प्टरांचा दोष असा, की सीन रंगला की तेच बघत बसतात आणि नट उघडा पडतो. सोलंकीभाई कधी रंगले नाहीत. तेव्हापासून विंगेतलं प्रॉम्प्टरचं स्टूल त्यांचंच झालं. काका म्हणायचे, “लोकांना वाटतं शितोळे बोलतो. शितोळे फक्त तोंड हलवतो, बोलतो सोलंकी.”

संध्याकाळी दोघं गॅलरीत बसायचे. फार बोलायचे असं नाही. एक पेपर वाचायचा, दुसरा समोरच्या बांधकामाची क्रेन बघायचा. मधेच काका ओरडायचे, “चूक बोलतोयस!” आणि सोलंकीभाई, जे काही बोललेच नव्हते, ते शांतपणे म्हणायचे, “बरं.” रविवारी सकाळी दोघं सेव उसळ खायला जायचे आणि तिखटानं नाकं पुसत परत यायचे. काकांच्या आयुष्यात मृणालचा फोन सोडला तर हे एवढंच होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

मग ती मालिका आली.

कोणाच्या आयुष्यावर ते सांगायला नको. परदेशात शिकून आलेला एवढा विद्वान माणूस बडोद्यात नोकरीला लागला आणि त्याला राहायला घर मिळेना, हे इथं शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. सोलंकीभाईंच्या घरी त्यांची तसबीर होती, देवाच्या जागी. मालिकेवाले बडोद्याच्या प्रसंगांचं चित्रीकरण करायला आले आणि त्यांना मराठी तोंडवळ्याची म्हातारी माणसं हवी होती. कोणीतरी नाव सुचवलं. काकांच्या भुवयांनी बाकीचं काम केलं. भूमिका होती कचेरीतल्या पट्टेवाल्याची. साहेबाच्या टेबलाजवळ जायचं नाही, लांबूनच फाईल फेकायची, कारण जवळ गेलं तर विटाळ होईल. बास. एकही वाक्य नाही.

काकांनी आधी सोलंकीभाईंना विचारलं. मी तिथंच होते, गॅलरीतल्या कुंड्यांसाठी खत द्यायला गेले होते. “करू का?” सोलंकीभाईंनी पेपर खाली घेतला. “कोणी तरी करणारच ने? मग सारं कर.” सारं म्हणजे चांगलं. काका खूश झाले. “पण यात तुझा काही उपयोग नाही बरं का. संवादच नाही!” त्यानंतर आठवडाभर समोरच्या फ्लॅटमधून रद्दीचे गठ्ठे आदळल्याचे आवाज येत होते.

ज्या संध्याकाळी तो भाग लागणार होता, त्या संध्याकाळी काकांनी शेजारपाजाऱ्यांच्या खुर्च्या गोळा केल्या. आम्ही दोघं, खालच्या पटेलबेन, वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब, आणि पुढच्या खुर्चीवर सोलंकीभाई. प्रसंग आला. मोठं टेबल, मागे साहेब. पट्टेवाला दारातून आत येतो, थांबतो, साहेबाच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो, आणि त्या नजरेत इतका तिरस्कार, की पटेलबेन “मूओ!”, म्हणजे मेला, म्हणून ओरडल्या. मग फाईल सुटते, टेबलावरून घसरते, खाली पडते. साहेब वाकतात. माझ्या अंगावर काटा आला. काका दाद घ्यायला वळले. पटेलबेन बोटं मोडत होत्या, म्हणजे काम जमलं होतं. मग त्यांनी सोलंकीभाईंकडे पाहिलं.

सोलंकीभाई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. भाग संपेपर्यंत तसेच बसले. मग उठले, चपला घातल्या, “चालो, आवजो” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं काकांनी सोलंकीभाईंच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारलं, तर त्यांच्या फ्लॅटला कुलूप. त्याला एवढंच ठाऊक होतं, की मुलगा येऊन त्यांना छाणीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या घरी घेऊन गेला. एक शब्द न सांगता. काकांनी मन घट्ट करून फोन लावला. तिकडून सोलंकीभाई एवढंच म्हणाले, “गमतुं नथी, शितोळे.” काका म्हणाले, “समजलो,” आणि फोन ठेवला.

हे त्यांनी मला सांगितलं ते फार दिवसांनी, जाळीच्या दाराआडून, आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच मला आत बोलावलं नाही. मी म्हटलं, “काका, मालिका होती ती. त्यांना का कळत नाही?” तेव्हा त्यांनी कपाची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरवातीला सोलंकीभाई पहिल्यांदा त्यांच्या घरी आले, तेव्हा काकांच्या आईनं त्यांना चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. तो कप घरात नसायचा, बाहेर खिडकीच्या कडेला पालथा असायचा, आणि कोणासाठी असायचा ते सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वेळी काकांनी तो कप स्वतः उचलला, स्वतःचा चहा त्यात ओतून घेतला आणि आपला कप सोलंकीभाईंना दिला. आई पुढे किती तरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्या कपाबद्दल दोघा मित्रांत पुढे कधी चकार शब्द निघाला नाही.

“तो विसरला असेल असं मी धरून चाललो होतो,” काका म्हणाले. “पण आता टीव्हीवर त्यानं माझे डोळे बघितले. त्याला वाटलं असेल, कप खरा होता आणि इतक्या वर्षांची दोस्ती ती ॲक्टिंग.”

“मग जा ना छाणीला. विचारा.”

“काय विचारू? तो म्हणाला ने, गमतुं नथी. आवडलं नाही म्हणाला. त्याच्यावर काय बोलायचं?”

त्यानंतर काका झपाट्यानं म्हातारे झाले. लाकडी दार बंद राहायला लागलं. मी डबा घेऊन गेले की दार उघडायला वेळ लागायचा आणि आत टीव्हीचा आवाज नसायचा. मालिका बघणं त्यांनी बंदच केलं होतं. लोक मात्र ओळखायला लागले होते. रिक्षावाले, दूधवाला, बागेतली मुलं, “अंकल, तुम्हीच ते ने?” म्हणून फोटो काढायला यायचे. उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती एवढी प्रसिद्धी त्यांना त्या एका फाईलनं दिली. काका फोटोला उभे राहायचे आणि भुवया खाली घ्यायचे. गणपतीत नाटकवाले विचारायला आले तर म्हणाले, आता नको, पाठ होत नाही. मग एके दिवशी त्यांनीच मृणालला फोन करून सांगितलं, की येतो पुण्याला. ती बिचारी आनंदानं रडली. तिला काय माहीत, की बाबा तिच्याकडे येत नाहीत, बडोदं सोडतायत.

सामान बांधायला निघालं त्या आठवड्यात मला दवाखान्यात सोलंकीभाईंची सून भेटली. मी दातासाठी गेले होते, ती सासऱ्यांचे रिपोर्ट घ्यायला. मालिका लागली त्याच रात्री घरी जाताना सोलंकीभाई स्कूटरवरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. स्कूटर विकून टाकली, आणि मुलानं त्यांना छाणीला आणलं. मी विचारलं, आता कसे आहेत? ती उसासा टाकून म्हणाली, “शुं कहुं, पप्पाने अहियां गमतुं ज नथी.” काय सांगू, त्यांना इथं करमतच नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसतात. म्हणतात, शितोळेला सांगितलंय मी, तो येईल.

मी तिथल्या बाकावर बसले. गमत नाही. दोन्ही अर्थ काकांना माझ्या जन्माच्या आधीपासून येत होते. मला तर त्यांनीच शिकवला होता तो शब्द. पण जी भीती मनात घेऊन त्यांनी फोन लावला होता तिनं दोनांतला एक उचलला, आणि बिचारे सोलंकीभाई तिकडे समजूत करून बसले, की आपण सांगितलं आणि शितोळे ‘समजलो’ म्हणाला.

घरी जाऊन मी काकांना सांगितलं. ते उठले. आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, “गाडी काढ.”

छाणीला सोलंकीभाईंच्या मुलाचं घर बैठं आहे, पुढे फरशीचा ओटा आणि त्यावर हिंचको, म्हणजे झोपाळा. सोलंकीभाई हिंचक्यावर बसले होते, शेजारी काठी, मांडीवर दवाखान्याची फाईल. ते अर्धे झाले होते. काकांना बघून ते उठायला गेले, जमलं नाही, मग तिथूनच म्हणाले, “घणी वार लागली, शितोळे.” फार उशीर केलास.

काका ओट्याच्या पायरीवर उभे राहूनच सगळं बोलले. फोन, शब्द, आपण काय समजलो ते. शेवटी कपापर्यंत आले. “तो कप, सोलंकी...”

“कोणता कप?” सोलंकीभाई म्हणाले. खरंच विसरले होते की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. “मला राग नव्हता रे आला. मला माझा बाप आठवला. त्यात तुझं काय?”

सुनेनं पाणी आणून ठेवलं. सोलंकीभाईंनी फाईलवर बोटं वाजवली. “पण एक चूक होती.”

काकांची मान वर झाली. “कसली?”

“तू त्याच्याकडे बघितलंस.”

“डायरेक्टरनं सांगितलं होतं. डोळ्यांत डोळे घाल, राग दाखव म्हणाले.”

“डायरेक्टरला काय खबर? माझ्या बापाला जन्मभर कोणी हातात काही दिलं नाही. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायचो, मी बघितलंय. फेकणारे राग करत नसत. ते बघतच नसत. बघितलं तर समोर माणूस आहे असं होईल ने?” आणि त्यांनी मांडीवरची फाईल पुढे केली. “घे. परत कर.”

“वेडा झालास काय?”

“ॲक्टर आहेस ने तू? कर.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? त्यांनी फाईल घेतली आणि ओट्याच्या टोकापर्यंत मागे गेले. वळले तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भुवया सरळ. दुसरंच काही काम डोक्यात असावं तसे ते चालत आले, मधेच थांबले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाकडे बघत बघत त्यांनी फाईल सोडून दिली. ती सोलंकीभाईंच्या पायाशी फरशीवर पडली. रिपोर्टचे कागद बाहेर आले. इतकं साधं होतं ते. टीव्हीवर पाहिलं होतं ते नाटक होतं.

“हां,” सोलंकीभाई म्हणाले. “आता बराबर.” आणि त्यांनी तोंड फिरवलं.

काकांचा हात अजून तसाच होता. आयुष्यभर लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, त्या त्यांनी मिरवल्या. त्या दिवशी मात्र आपण काय केलं ते त्यांना दिसलं. वाकून कागद उचलावेत एवढंही त्यांना सुचलं नाही.

मृणालला दिलेला शब्द काकांनी मोडला नाही; पुढच्या रविवारी ती त्यांना घेऊन गेली. पुण्याहून त्यांचे फोन यायचे. मी ‘गमतंय का?’ विचारलं की म्हणायचे, “इथं सगळं आहे, सूनबाई.” दिवाळीच्या आधी ते गेले. मृणालच्या घरी त्यांचा हार घातलेला फोटो आहे असं ऐकते, पण मी तो पाहिलेला नाही. मला ते दिसतात छाणीच्या ओट्यावर. त्या दिवशी मी गाडी वळवायला म्हणून बाहेर पडले होते. गल्ली अरुंद, मला बराच वेळ लागला. परत आले तेव्हा फाईल फरशीवरच पडली होती, सून दारात उभी होती पण पुढे होत नव्हती. काका हिंचक्यावर सोलंकीभाईंच्या शेजारी जाऊन बसले होते. दोघांचे पाय जमिनीला टेकलेले, हिंचका हलत नव्हता. मी हॉर्न दिला नाही. ऊन उतरेपर्यंत दोघं तसेच समोरच्या रस्त्याकडे बघत बसून राहिले, खांद्याला खांदा लागलेला, एकमेकांकडे न बघता.